मानाची खुर्ची

परिषदेचं आमंत्रण आलं आणि थांबाबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांनी स्वतःही ते कधी नाकारलं नाही. पुस्तकविक्रेत्यांची ही परिषद दरवर्षी एका मोठ्या शहरात भरते. दुकानदार, प्रकाशक, वितरक सगळे तिथे जमतात. दरवर्षी बाई म्हणायच्या, "दुकान कोण बघणार? पुढच्या वर्षी जाऊ." अशी कितीतरी पुढची वर्षं मागे पडली होती. यंदा मात्र त्यांना नुसतं बोलावलं नव्हतं, पहिल्या रांगेतली मानाची खुर्ची देऊ केली होती. कुठल्याही साखळीत नसलेल्या एका जुन्या, स्वतंत्र दुकानाला दरवर्षी हा मान मिळतो. दुकानदाराने त्या खुर्चीत बसायचं, नाव पुकारलं की मंचावर जाऊन दोन शब्द बोलायचे, आणि सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवायच्या.

थांबाबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गिऱ्हाइकाने पुस्तक काढून गल्ल्यावर ठेवलं की बाईंचा पहिला शब्द असायचा, "थांबा. याआधी काय वाचलंत?" उत्तर पटलं तर पुस्तक मिळायचं. नाही पटलं तर बाई ते हातातून काढून घ्यायच्या आणि तिसरंच काहीतरी पुढे करायच्या. चिडून निघून गेलेली माणसं आठवड्याभरात नाक मुठीत धरून परत यायची. एका वकिलाला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "हे तुम्हाला आत्ता झेपणार नाही. आधी तुमचा स्वतःचा घटस्फोट उरकून या." तो खरोखर उरकून आला, आणि तेच पुस्तक घेऊन गेला. असा धंदा करणाऱ्या बाईचं दुकान चाललं कसं, असं कुणालाही वाटेल. ते चाललं, एवढं खरं.

या दुकानात त्या पहिल्यांदा आल्या त्या भांडायला. आतली पानं उलटी शिवलेलं पुस्तक गळ्यात मारलं म्हणून. तरुण दुकानदाराने चूक कबूल केली, पुस्तक बदलून दिलं, आणि वर्षभराने लग्नाचं विचारलं. आता त्या दुकानदाराचे गुडघे गेले होते. तो घरी बसून स्वयंपाक सांभाळायचा, दुपारी थर्मासमधून चहा पाठवायचा आणि संध्याकाळी बायको आली की दिवसभर कोण काय घेऊन गेलं ते कान टवकारून ऐकायचा.

दुकान उताराच्या रस्त्यावर होतं, एका बाजूला किल्ल्या करणारा, दुसऱ्या बाजूला औषधांचं दुकान. पुढच्या भागात नवी पुस्तकं असायची, ती काय सगळीकडेच असतात. लोक यायचे ते मागच्या भिंतीसाठी. पुस्तकांच्या धंद्यात वितरक माल परतीच्या बोलीवर देतो. पुस्तक दुकानदाराचं नसतं, वितरकाचंच असतं. मुदतीत खपलं तर ठीक, नाहीतर खोक्यात भरून परत. बाकीचे दुकानदार मुदत संपली की माल परत धाडत. बाई पाठवत नसत. त्या भांडून, गळ घालून, कधी डोळ्यांत पाणी आणूनसुद्धा मुदत वाढवून घेत आणि ते पुस्तक मागच्या भिंतीला लावत. "त्याचा माणूस अजून यायचाय," असं म्हणत. आणि तो यायचा. कधी तीन वर्षांनी, कधी दहा. बाकी सगळीकडून नाहीसं झालेलं पुस्तक त्या भिंतीत सापडलं की माणसाचा चेहरा कसा होतो, ते बघायलाच बाई जगत होत्या म्हटलं तरी चालेल.

त्यांना मूलबाळ नव्हतं. भावाची मुलगी मात्र लहानपणापासून याच भिंतीखाली फतकल मारून वाढली होती. मोठी झाल्यावर ती विमा कंपनीत चांगल्या पगारावर लागली, आणि दर रविवारी तोंड पाडून दुकानात येऊ लागली. शेवटी बाईच म्हणाल्या, "सोड ती नोकरी. परिषद झाली की दुकान तुझं. मी नुसती बसेन आणि लोकांना थांबा म्हणेन." भाचीने दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. एवढा विश्वास माणसाने माणसावर ठेवू नये, पण आत्यावर ठेवायचा नाही तर कुणावर?

आमंत्रण घेऊन आला होता वितरकाचा माणूस. भाचीने त्याचं नाव ठेवलं होतं गोडबोल्या. जुना माणूस निवृत्त झाल्यावर हा आला होता. इस्त्रीचे कपडे, मऊ आवाज, दुकानात शिरला की आधी कपाटावरून हळूच बोट फिरवायचा आणि मग बोटाकडे बघायचा.

"बाई, यंदा तुमच्याशिवाय दुसरं नावच पुढे आलं नाही बघा."

"नाव ठरवतं कोण?" भाचीने विचारलं.

"समिती."

"समितीत कोण असतं?"

"आपलीच माणसं," तो हसून म्हणाला. मग बाईंकडे वळला. "फक्त एक करा. परिषदेआधी ही मागची भिंत मोकळी करा. सगळा जुना माल परत पाठवा. परिषदेनंतर तुमच्यासारख्या निवडक दुकानांना नवा माल थेट मिळणार, सगळ्यांच्या आधी. तो ठेवायला जागा नको का?"

"ती भिंत म्हणजेच दुकान आहे," बाई म्हणाल्या.

"मला माहीत नाही का ते? पण बाई, मानाच्या खुर्चीत बसणाऱ्यांचं दुकान बघायला माणसं येतील. फोटो निघतील. त्यांना काय ही पिवळी पुस्तकं दाखवणार?"

एरवी असं बोलणाऱ्याला बाईंनी उतारावरून खाली घालवून दिलं असतं. पण त्या दिवशी त्या हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या होत्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तिची लाज वाटली. "बरं," त्या म्हणाल्या. सगळ्या गावाला थांबवणारी बाई, पण तिला थांबवायला त्या वेळी कुणी नव्हतं. भाची होती, पण ती अजून मालकीण झाली नव्हती.

रात्री जेवताना नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि चमचा खाली ठेवून म्हणाला, "हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी."

"तुम्हाला मेलं कुणाचं बरं झालेलं बघवत नाही," बाई म्हणाल्या आणि दोघंही हसली. तो थट्टाच करत होता.

पुढचे दिवस खोकी भरण्यात गेले. भाची कपाटातून पुस्तकं काढून देई, बाई ती पुसून खोक्यात लावत. परिषदेसाठी घेतलेले नवे बूट चावू नयेत म्हणून बाई ते दुकानातच घालून फिरत होत्या. मधेच एखादं पुस्तक हातात धरून त्या थबकायच्या, "हे राहू दे का गं?" आणि मग स्वतःच म्हणायच्या, "नको, जाऊ दे. सगळं म्हणालाय तो." वितरकाची गाडी येऊन खोकी घेऊन जाई. गाडीवाला एरवी चहा प्यायल्याशिवाय हलत नसे, जगभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढत बसे. आता खोकी चढवून झाली की दार ओढून घेई.

"नवा माल कधी आणताय?" बाईंनी विचारलं.

"परिषदेनंतर," तो म्हणाला. त्याने बाईंकडे पाहिलं नाही.

बिलाबद्दल वितरकाच्या कचेरीत फोन केला, तिथेही तेच. परिषदेनंतर बघू. रोज नवी पुस्तकं येणंही थांबलं होतं, त्याचंही कारण परिषद. मागची भिंत उघडी पडली तसं तिच्या लाकडावर पुस्तकांच्या जागी फिकट चौकोन दिसायला लागले. दुकानात आवाज घुमायला लागला. बाई बूट घालून चालल्या की कुणीतरी मागून येतंय असं वाटे, आणि त्या दोनदा वळून बघत. शेजारचा किल्लीवाला एका सकाळी दारात येऊन उभा राहिला, बराच वेळ आत बघत राहिला आणि म्हणाला, "बंद करताय होय दुकान?"

"काहीतरी अभद्र बोलू नका," बाई खेकसल्या. "रंग द्यायचाय."

रंगाचं त्यांच्या डोक्यातही नव्हतं. तोंडून आपोआप निघून गेलं, आणि मग त्यांचं त्यांनाच बरं वाटेना.

शनिवारी घड्याळजी आला. घड्याळं दुरुस्त करणारा हा म्हातारा गेली काही वर्षं दर शनिवारी मागच्या भिंतीशी उभा राहून एका समुद्रप्रवासाच्या जाड पुस्तकाची थोडी पानं वाचायचा. विकत घेत नसे. "घरी नेलं की एका रात्रीत संपेल, मग मी शनिवारी कुठे जाऊ?" असं त्याचं म्हणणं. बाईंनाही ते मान्य होतं. त्या दिवशी तो नेहमीच्या जागी गेला, फिकट चौकोनावर हात फिरवला, आणि तसाच उभा राहिला.

"मागवून देते," बाई घाईघाईने म्हणाल्या. "आठवड्यात येईल."

"असू दे, असू दे," तो म्हणाला. "शेवटच राहिला होता फक्त." टोपी नीट करून तो निघून गेला. हे पुस्तक त्यांनी स्वतःच्या हाताने पुसून खोक्यात घातलं होतं, आणि तेव्हा घड्याळजी त्यांच्या डोक्यातही आला नव्हता. असं त्यांच्या हातून आजवर कधी झालं नव्हतं.

शंकेची पाल तेव्हा पहिल्यांदा चुकचुकली. पण परिषदेत काय बोलायचं, किती वेळ बोलायचं हे तर विचारायलाच हवं होतं. गेल्या वर्षी मानाच्या खुर्चीत बसलेले बंदरवाले बाईंच्या नवऱ्याच्या ओळखीचे होते. दूरच्या एका गावात बंदराजवळ त्यांचं दुकान. दुकानाचा नंबर लागेना, म्हणून नवऱ्याने घरचा नंबर शोधून दिला. बाईंनी दुकानातूनच फोन केला. भाची पोस्टात गेली होती.

"अभिनंदन," बंदरवाला म्हातारा म्हणाला. त्या शब्दात आनंद नव्हता.

"म्हटलं, किती वेळ बोलायचं असतं ते विचारावं. तुम्ही काय बोललात?"

"मी माझ्या दुकानाबद्दल बोललो."

"दुकान कसं आहे?"

"दुकान नाही आता." मग म्हातारा म्हणाला, "बाई, तुम्हालाही कपाटं मोकळी करायला सांगितलं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. का खोटं बोलल्या ते त्यांना कळलं नाही. उघड्या भिंतीसमोर उभं राहून त्या खोटं बोलल्या.

"मग ठीक आहे," म्हातारा म्हणाला. "मला सांगितलं होतं. माझ्या आधीच्या वर्षीच्या त्या दोघी बहिणी, त्यांनाही. एकेका लहान दुकानासाठी गाडी धाडणं त्यांना परवडेनासं झालंय. म्हणून आधी स्वतःचा माल सुखरूप काढून घेतात, मग मान देतात, मग गाडी बंद. माणूस भांडणार कसा? आदल्याच दिवशी त्यांच्या मंचावर उभं राहून त्यांचे आभार मानलेले असतात. मी त्या खुर्चीत बसलो होतो ना, तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. त्यातल्या कितीकांना ठाऊक असेल, याचा मी अजून विचार करतो."

बाईंनी फोन ठेवला आणि लगेच वितरकाच्या गोदामात लावला. गोडबोल्याला नव्हे, तो गोगलगाय नि पोटात पाय. गोदामात पावत्या फाडणारी एक मुलगी होती, तिला कुणी काही शिकवून ठेवलं नव्हतं. बाईंनी समुद्रप्रवासाच्या पुस्तकाचं नाव सांगून ते परत पाठवा म्हटलं.

"परतीचा जुना माल ना? तो नाही मिळायचा. त्याचा लगदा होतो."

"झाला?"

"हो, कालच गेला सगळा. आणि तुमच्या भागात परिषदेनंतर आपली गाडीच नाही ना. तुम्हाला कळवलं नाही का?" मग आपण बोलायचं नव्हतं ते बोललो हे तिच्या ध्यानात आलं असावं. "धरा हं, साहेबांना देते," म्हणाली. बाईंनी फोन ठेवून दिला.

त्या गल्ल्यामागे बसून राहिल्या. दहा वर्षं आपल्या माणसाची वाट बघणारी पुस्तकं त्यांनी एकेक करून पुसली होती, लगदा होण्यासाठी. लहान दुकानांना माल देणारा वितरक एकच होता. त्याची गाडी नाही म्हणजे पुस्तक नाही, आणि पुस्तक नाही म्हणजे भाचीला द्यायला चार भिंती आणि किल्लीवाल्याचा शेजार. कुणी फसवलं यापेक्षा आपण किती आनंदाने फसलो, याचा त्यांना संताप येत होता. तेवढ्यात भाची पोस्टातून आली, गाल थंडीने लाल झालेले, हातात रंगाच्या दुकानातलं छोटंसं पत्रक.

"आत्या, पाटीवर खाली माझंही नाव घालायचं का? की इतक्यात नको?"

"घाल की," बाई म्हणाल्या. त्यांना सांगवेना. आत्ता सांगू, चहा झाला की सांगू, असं करता करता संध्याकाळ झाली, आणि मग दुसरी संध्याकाळ.

नवऱ्याला मात्र सांगितलं. त्याने या वेळी म्हण काढली नाही. तो गुडघे चोळत बसला आणि म्हणाला, "नको जाऊस."

"जाणार."

"कशाला? त्यांच्या टाळ्या ऐकायला?"

"मी गेले नाही तर खुर्ची रिकामी थोडीच राहणार आहे? दुसऱ्या कुणालातरी बसवतील. तिथे पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक बसलेलं असेल कुठेतरी. त्याला तरी सांगते."

"आणि पोरीला?"

बाई ताटं उचलून आत गेल्या.

परिषदेला दोघी सकाळच्या बसने गेल्या. ज्या दिवसाची इतकी वर्षं वाट पाहिली तो दिवस असा उगवला होता. भाची खिडकीशी बसून नव्या दुकानाचे बेत सांगत होती: मागच्या भिंतीला आता दिवे लावू, एक बाक ठेवू, म्हणजे घड्याळजींना उभं राहायला नको. बाई हो हो म्हणत होत्या आणि तिच्याकडे बघायचं टाळत होत्या. लाज काय असते ते त्यांना त्या बसमध्ये कळलं.

सभागृह खच्चून भरलं होतं. इतके पुस्तकवाले एका छताखाली बाईंनी कधी पाहिले नव्हते. मळकट कोट, चष्म्याच्या दोऱ्या, बोटांना खोक्यांचे ओरखडे. आपलीच माणसं, आणि त्यांच्यामधून गोडबोल्या फिरत होता. एकाच्या खांद्यावर हात, दुसऱ्याच्या कानात काहीतरी, तिसऱ्याला टाळी. बाईंना पाहताच तो लगबगीने आला आणि त्यांना दंडाला धरून पहिल्या रांगेत घेऊन गेला. खुर्ची लाल होती, बाकीच्या खुर्च्यांपेक्षा जरा उंच, आणि आजूबाजूच्या दोन जागा मोकळ्या सोडलेल्या. भाचीला दुसऱ्या रांगेत बसवलं.

अध्यक्षांनी भाषण केलं. बाईंनी वाचकांची कशी सेवा केली, त्यांचं दुकान म्हणजे कसं एक मंदिर होतं, त्यांची आठवण कशी कायम राहील. बाई ऐकत होत्या. जिवंत माणसासमोर त्याचा मृत्युलेख वाचायला एक वेगळीच छाती लागते. मग नाव पुकारलं गेलं, सगळं सभागृह उभं राहिलं, टाळ्या वाजल्या. बाई पायऱ्या चढून मंचावर गेल्या. टाळ्या थांबून लोक बसेपर्यंत त्या माईकसमोर नुसत्या उभ्या राहिल्या.

"दोन शब्द बोलायला सांगितलंय," त्या म्हणाल्या. "मी विचारणार आहे. या हंगामात वितरकाच्या माणसानं तुमच्यापैकी कुणाला कपाटं मोकळी करा म्हणून सांगितलं? जुना माल परत पाठवा, परिषदेनंतर नवा देतो, असं? सांगितलं असेल त्यानं हात वर करावा."

सभागृहात कुणी हललं नाही. अध्यक्ष हसले, काहीतरी विनोद झाला आहे अशा चेहऱ्याने, आणि उठून माईककडे यायला लागले. दाराशी उभा असलेला गोडबोल्या हातवारे करून कुणालातरी खुणावत होता.

पहिला हात दुसऱ्या रांगेतून वर आला. भाचीचा होता. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. कपाटातून पुस्तकं तिनेच तर काढून दिली होती, तिला आणखी काही समजावून सांगायची गरज नव्हती. तिने आत्याकडे सरळ पाहिलं आणि दुकानाची मालकीण म्हणून हात वर धरून ठेवला.

मग अगदी मागे एक हात वर झाला. बाईंना वाटलं, हाच तो, पुढच्या वर्षीचा. याच्यासाठीच आपण आलो. तेवढ्यात खांबाजवळच्या एका बाईने हात वर केला. मग शेजारी शेजारी बसलेल्या दोघांनी. एकाने बाजूच्याला विचारलं, "तुम्हालाही?" आणि त्या बाजूच्याने हातच वर केला. डावीकडे, उजवीकडे, वरच्या सज्जात. जे आधी खाली बघत होते त्यांनी मान वर केली आणि सगळीकडे उठलेले हात पाहिले, मग त्यांचेही हात उठले. बाई एकाला सावध करायला आल्या होत्या. आता सावध करण्यासारखं कुणी उरलं नव्हतं.

माईक बंद झाला. गोडबोल्या दारातून कधी निघून गेला ते कुणी पाहिलं नाही. अध्यक्ष मंचावर मधेच उभे होते, आणि समोर सगळे दुकानदार एकमेकांकडे बघत तसेच हात वर करून बसले होते, कारण हात खाली घेतल्यावर पुढे काय करायचं, ते त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.